रिकाम्या फेऱ्यांचा खर्च

सायकलचा पंप आणि टेबलफॅन, दोघांचंही काम हवा ढकलणं. पण पंपाचा दांडा तुम्ही कितीही सावकाश दाबा, वायसर चांगला असेल तर आत कोंडलेल्या हवेची सुटका नाही. दांडा तळाला टेकेपर्यंत तिची जागा कमी होतच जाते आणि शेवटी ती निमूट ट्यूबमध्ये शिरते. पंख्याचं तसं नाही. रेग्युलेटर पाचावरून एकावर आणला की पाती फिरताना दिसतात, वारा मात्र कॉटपर्यंत पोचत नाही. पंप हवेला कोंडून दाबतो, पंखा तिला वेग देऊन ढकलतो. पंपाचा दाब त्याच्या मापात असतो, पंख्याचा त्याच्या फिरण्यात. शिवाय पंख्याचा हिशेब फार कडक आहे: फेरे निम्मे केले की दाब निम्मा होत नाही, जवळजवळ चौथाईवर येतो.

१९५० ते १९७० या वीस वर्षांत ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांनी गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या मोटारी बांधल्या, रस्त्यावर आणल्या, शर्यतीत उतरवल्या आणि अखेर संग्रहालयांत नेऊन ठेवल्या. त्या मागे का पडल्या याची पुष्कळ कारणं सांगतात. महागडे मिश्रधातू, प्रदूषणाचे कायदे, १९७३ चं तेलसंकट, आणि गप्पा रंगल्या की तेल कंपन्यांचं कारस्थान. कारस्थान सोडून देऊ. बाकीच्या कारणांत तथ्य आहे. पण मूळ गाठ मला त्या पंपात आणि पंख्यात दिसते. ती पाहायची तर या मोटारी धावत असताना नाही, सिग्नलला उभ्या असताना पाहायला हव्यात. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण वेगाचे आकडे देतात. मला त्यांच्या थांबण्याबद्दल लिहायचं आहे.

आधी यंत्र. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर होतो. तो हवा कोंडतो, दाबतो, मग इंधन पेटतं आणि पिस्टन मागे ढकलला जातो. सगळं एकाच सिलिंडरमध्ये, आळीपाळीने. गॅस टर्बाइनमध्ये हीच कामं वेगवेगळ्या खोल्यांत, एकाच वेळी आणि अखंड चालतात. पुढे कॉम्प्रेसर, म्हणजे अतिशय वेगाने फिरणारा, पात्यांचा एक पंखाच. तो हवा आत ओढून दाबतो. मध्ये ज्वलनकक्ष. तिथे इंधनाची ज्योत एकदा पेटली की स्टोव्हसारखी जळत राहते. मागे टर्बाइनचं चाक, ज्याच्या पात्यांवर तो तापलेला वायू आदळतो. हे मागचं चाक आणि पुढचा कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर असतात, म्हणजे मागचं चाक पुढच्या कॉम्प्रेसरला फिरवतं. मोटारींमध्ये याच्या पाठीमागे आणखी एक सुटं चाक बसवत. उरलेला वायू ते फिरवी आणि गाडीची चाकं त्याला जोडलेली असत.

‘उरलेला’ या शब्दापाशी थोडं थांबू. ज्वालेतून टर्बाइनला मिळणाऱ्या शक्तीपैकी साधारण दोन-तृतीयांश शक्ती कॉम्प्रेसरच खाऊन टाकतो. आधी पोटोबा, मग विठोबा. पूर्ण वेगात असताना हे चालून जातं, कारण उरलेली तिजाईसुद्धा दणदणीत असते. पण वेग कमी केला की पंख्याचा तो कडक हिशेब लागू होतो. दाब झपाट्याने उतरतो. दाब नसेल तर उष्णतेचं कामात रूपांतर नीट होत नाही, ती धुराड्यातून निघून जाते. पोटोबाचा वाटा भागवता भागवता विठोबाच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून टर्बाइनला हळू फिरणं परवडतच नाही. पिस्टनचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला सात-आठशे फेरे घेत गुरगुरत राहतं. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या टर्बाइन मोटारीचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला १८ ते २२ हजार फेरे घेई. धावतानाची कमाल सुमारे ४४ हजार. निम्म्याच्या आसपास वेगाने फिरायचं आणि करायचं मात्र काहीच नाही, फक्त विझायचं नाही.

विमानात ही खोड दिसत नाही. विमान उड्डाणाला सगळा जोर लावतं, मग तासन् तास बऱ्यापैकी जोरावर, थंड हवेत, एकाच चालीने जातं. तिथे चौक नाहीत, रेल्वेफाटक नाही, मुलांना शाळेत सोडायचं नाही. विमानातल्या टर्बाइनचं यश पाहून मोटारवाल्यांना भुरळ पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि पडणं साहजिक होतं.

ब्रिटनच्या रोव्हर कंपनीची ओढ तर जुनी होती. युद्धकाळात फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन बनवण्याचं काम तिच्याकडे होतं. व्हिटल आणि रोव्हरचे विल्क्स बंधू यांचं पटेना. १९४३ च्या सुरुवातीला रोव्हरने जेटचं काम रोल्स-रॉइसला दिलं आणि बदल्यात रणगाड्यांचं मीटिअर इंजिन घेतलं, चांगलं जाडजूड पिस्टन इंजिन. सौद्याची गोष्ट वाचली की वाटतं, नियतीने रोव्हरला तेव्हाच इशारा दिला होता. पण हातची गेलेली गोष्ट मनातून जात नाही. मार्च १९५० मध्ये रोव्हरने आपल्या नेहमीच्या गाडीवरून बेतलेली, मागे टर्बाइन बसवलेली उघडी मोटार लोकांपुढे आणली. नंबरप्लेट होती ‘जेट १’. गॅस टर्बाइनवर चालणारी ही जगातली पहिली मोटार. जून १९५२ मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथल्या सरळ रस्त्यावर रोव्हरच्याच स्पेन किंग या अभियंत्याने ती ताशी २४५ किलोमीटरपर्यंत नेली. ती लिटरला जेमतेम दोन किलोमीटर जाई. आपल्याकडे गाडी पाहायला आलेला पहिला माणूस ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारतो. या एका प्रश्नापुढे ‘जेट १’ गप्प झाली असती.

मग रांगच लागली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लने आखलेली पहिली फायरबर्ड म्हणजे चाकं लावलेलं एक आसनी विमानच होतं, शेपटासकट. तिच्या धुराड्यातून निघणारा वायू सुमारे ६७५ अंश सेल्सिअसचा असे. मागच्या गाडीवाल्याची कल्पनाच केलेली बरी. १९५४ मध्ये फियाटने तुरिनच्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवरच्या धावपट्टीवर आपली तुर्बिना पळवली. १९५६ मध्ये रेनोच्या एत्वाल फिलांतने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ३०० किलोमीटरची हद्द ओलांडली. या सगळ्या पराक्रमांच्या जागा पाहिल्या तर सरळ रस्ता, गच्चीवरची धावपट्टी, सुकलेलं मिठागर. थांबायची वेळ येऊ नये अशाच सगळ्या.

६७५ अंशांचा तो झोत म्हणजे नुसतं वाया जाणारं इंधन. तो वाचवायचा उपाय अभियंत्यांना माहीत होता: बाहेर जाणाऱ्या उष्णतेने आत येणारी हवा तापवायची. त्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची एक मोठी चकती घेतात. तिचा अर्धा भाग गरम वायूच्या वाटेत, अर्धा आत येणाऱ्या हवेच्या वाटेत. चकती सावकाश फिरत राहते. इकडे तापते, तिकडे जाऊन ती ऊब हवेला देते, पुन्हा तापायला परत. हिला रिजनरेटर म्हणतात. पंढरपूरच्या वारकऱ्याने जाताना तुळस न्यावी आणि येताना प्रसाद आणावा तशी तिची येरझार असते. या चकतीने टर्बाइन मोटारीला दहाएक वर्षं जास्तीचं आयुष्य दिलं असं मी म्हणेन, कारण ती नेमकी दुखऱ्या जागी कामाला येते. इंजिन मंद चालत असतं तेव्हा जास्तीत जास्त उष्णता वाया जाते, आणि तेव्हाच चकतीला वाचवण्यासारखं जास्त सापडतं.

क्रायस्लरच्या जॉर्ज ह्यूबनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सगळा भरवसा या चकतीवर ठेवला. १९५४ मध्ये त्यांनी एका साध्या प्लिमथ गाडीत टर्बाइन बसवलं, १९५६ मध्ये तशीच एक गाडी न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला नेली. आणि १९६३ मध्ये असं काही केलं जे या सगळ्या कहाणीत दुसऱ्या कोणीच केलं नाही: गाड्या लोकांच्या हाती दिल्या.

तुरिनच्या गिया कंपनीने हाताने घडवलेल्या बॉड्या, आत डेट्रॉइटमध्ये बसवलेलं १३० अश्वशक्तीचं टर्बाइन, दोन बाजूंना दोन रिजनरेटर चकत्या, आणि ब्राँझच्या छटेचा रंग. चाचणीच्या पाच आणि लोकांसाठी पन्नास अशा ५५ गाड्या. ऑक्टोबर १९६३ पासून जानेवारी १९६६ पर्यंत अमेरिकेतल्या १३३ शहरांतल्या २०३ जणांना त्या प्रत्येकी तीन महिने फुकट वापरायला दिल्या. इंधन आपलं, अनुभव लिहून द्यायचा. सगळ्यांनी मिळून दहा लाख मैलांहून जास्त, म्हणजे सोळा लाख किलोमीटरच्या वर गाड्या चालवल्या. एखादं यंत्र इतक्या प्रामाणिकपणे आधी घरगुती माणसांपुढे ठेवून मग निर्णय घ्यायचा, हे त्या काळातच नव्हे तर आजही क्वचित दिसतं. इथे मला क्रायस्लरबद्दल आदर वाटतो.

लोकांना काय आवडलं? गाडी थरथरत नव्हती. रेडिएटर नव्हता, थंडीत इंजिन तापायची वाट पाहावी लागत नव्हती. हलणारे भाग पिस्टन इंजिनाच्या एक-पंचमांश. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, काहीही चाले. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष अदोल्फो लोपेस मातेओस यांच्या भेटीत ती टकीलावरही चालवून दाखवली. गंमत म्हणजे तिला एकच गोष्ट सोसत नसे, ती म्हणजे तेव्हा अमेरिकेतल्या चौकाचौकात मिळणारं शिसं मिसळलेलं पेट्रोल. शिशाची पुटं आतल्या पात्यांवर चढत. जगातलं वाटेल ते पिणारी गाडी नेमक्या पेट्रोलपंपावर हात आखडून उभी.

आणि तक्रारी? आवाज, काहींच्या मते मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा. इंधनाचा खर्च. आणि पिकअप. पिकअपची तक्रार नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण कागदावर ही गाडी त्या बाबतीत उत्तम होती. मागचं सुटं चाक स्थिर असतानाच टर्बाइनचा पीळ (टॉर्क) सर्वात जास्त असतो, म्हणजे उभ्या गाडीला झटका द्यायला याहून चांगलं इंजिन नाही. मात्र तो झटका देणारा वायू आधी तयार व्हायला हवा. सिग्नल हिरवा झाला, पाय दाबला, तर २० हजारांवर फिरणाऱ्या त्या कॉम्प्रेसरला ४० हजारांच्या वर चढायला एक-दीड सेकंद लागे. तोवर गाडी विचारात पडल्यासारखी जागच्या जागी. एक-दीड सेकंद ऐकायला काहीच नाही. मागून हॉर्न वाजला की कळतं.

हा उशीर टाळायचा तर उभ्या गाडीतही कॉम्प्रेसर जोरात फिरवत ठेवायचा, म्हणजे इंधन जाळायचं. इंधन वाचवायचं तर फेरे उतरवायचे, म्हणजे उशीर सोसायचा. क्रायस्लरने सुट्या चाकापुढे फिरवता येणारी पाती बसवली. त्यांचा कोन बदलून मंद गतीतही तापमान चढं राखता येई, गाडीला ब्रेकही लावता येई. उपाय हुशारीचे होते. पण मोजा: दोन फिरत्या चकत्या, त्यांच्या कडांना गळती थांबवणारी सीलं, फिरती पाती, त्यांची हालचाल सांभाळणारी यंत्रणा. ‘मोजकेच हलणारे भाग’ ही ज्याची शान, त्यालाच मंद चालायला शिकवताना एकेक भाग वाढत गेला.

वास्तविक मोठ्या गाडीलाही सपाट रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जायला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. १३० अश्वशक्ती लागते ती चढाला, ओव्हरटेकला, वर्षातून काही वेळा. हत्ती दारी बांधला की मिरवणूक असो नसो, चारा रोजचा. पिस्टन इंजिनही रिकामं असताना उधळपट्टी करतं, ते काही साधू नाही. पण त्याचं दाबणं मापात आहे, म्हणून ते सावकाश चाललं तरी दाबतं. त्याचा तोटा हळूहळू वाढतो. टर्बाइनचा कडेलोट होतो. त्यात मोटारीचं टर्बाइन लहान. पात्याचं टोक आणि भोवतालचं कवच यांत थोडी फट ठेवावीच लागते. विमानाच्या मोठ्या इंजिनात ती नगण्य असते, तळहाताएवढ्या चाकात तिच्यातून हवेचा मोठा हिस्सा निसटतो.

याची उलटी बाजू पाहायची तर शर्यतीच्या मैदानावर जायला हवं. १९६३ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत रोव्हर आणि शर्यतीच्या गाड्या बांधणारी बीआरएम यांची टर्बाइन मोटार ‘००’ क्रमांक लावून, स्पर्धेबाहेर, धावली. ग्रॅहम हिल आणि रिची गिंथर आलटून पालटून चालवत होते. चोवीस तास ताशी १७३ किलोमीटरची सरासरी. १९६५ मध्ये सिरॅमिकच्या रिजनरेटर चकत्या बसवून तीच गाडी हिल आणि जॅकी स्ट्युअर्टने नेली, दहावा क्रमांक आणला. इंधनाचं ॲव्हरेज लिटरला अडीच किलोमीटरवरून जवळजवळ पावणेपाचवर गेलं. चकतीची करामत. १९६७ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पार्नेली जोन्सने विमानाचं टर्बाइन लावलेली गाडी २०० पैकी १७१ फेऱ्या सर्वांच्या पुढे ठेवली. चारच फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग गेलं. टर्बाइन धडधाकट होतं. लगेच नियम बदलून टर्बाइनच्या हवेच्या तोंडाचं क्षेत्रफळ तोकडं केलं गेलं, कारण अंडाकृती मैदानावर, जिथे पाय फारसा उचलायचाच नसतो, तिथे टर्बाइनच्या गाडीला हरवणं अवघड होतं.

क्रायस्लरने परत आलेल्या ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या. संशोधन सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत सुरू ठेवलं. तोवर अमेरिकेत नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर बंधनं आली होती, आणि टर्बाइनच्या सततच्या ज्योतीतून तीच जास्त निघत.

याच क्रायस्लरने आखलेला एम-१ एब्रम्स रणगाडा १९८० मध्ये अमेरिकी सैन्यात आला, टर्बाइनसह. रणगाडा धावतो सुसाट, पण रणगाड्याचं बरंचसं आयुष्य उभं राहून वाट पाहण्यात जातं. उभ्या उभ्या तो तासाला तीस-चाळीस लिटर इंधन पितो. शेवटी मोठं इंजिन बंद ठेवून रेडिओ आणि दुर्बिणी चालाव्यात म्हणून पुढे काही रणगाड्यांना वेगळं छोटं वीजयंत्र जोडावं लागलं.

टर्बाइन कुठे सुखात आहे हे पाहायला मुंबईच्या पलीकडे उरणला जावं. तिथे बॉम्बे हायच्या वायूवर चालणाऱ्या टर्बाइनांनी वीज तयार होते, आणि त्यांचा गरम धूर वाया न घालवता त्यावर वाफ करून आणखी वीज काढतात. रिजनरेटरच्या चकतीचीच ही थोरली बहीण. एकाच वेगाने फिरायचं, कोणाच्या मागे थांबायचं नाही. मुंबईतच माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०१० मध्ये नौदलात आलेली शिवालिक ही युद्धनौका आणखी बोलकी आहे. तिच्या पोटात डिझेल इंजिनंही आहेत आणि गॅस टर्बाइनंही. सावकाश गस्त घालायची असेल तर डिझेल चालतं, पळायची वेळ आली की टर्बाइन. दोन्ही एकत्र नाही, एकावेळी एकच. नौदलाने ही वाटणी मोटारवाल्यांसारखी झटापट न करता मान्य केली.

मोटारीलाही अशी वाटणी करता येईल हे एकाने दाखवलं, तेही २०१० मध्येच, पॅरिसच्या प्रदर्शनात. कंपनी जॅग्वार, तोवर टाटांच्या मालकीची झालेली. सी-एक्स ७५ या त्यांच्या मोटारीत दोन चिमुकली टर्बाइनं होती, मिनिटाला ८० हजार फेऱ्यांची, आणि चाकांशी त्यांचा संबंधच नव्हता. चाकं विजेच्या मोटरी फिरवणार. टर्बाइनांनी फक्त बॅटरी भरायची, एका ठरल्या वेगाने, नाहीतर सरळ बंद राहायचं. सिग्नलला उभं राहण्याचं काम बॅटरीकडे. साठ वर्षांची तक्रार या मांडणीत अगदी नेमकी सुटते. पण पुढच्या वर्षी गाडी विक्रीसाठी बनवण्याची घोषणा झाली तेव्हा टर्बाइनं वगळून १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन घेतलं होतं, आणि २०१२ च्या अखेरीस तो बेतही गुंडाळला गेला. २०१५ च्या जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’ चित्रपटात खलनायकाचा माणूस रोमच्या गल्ल्यांतून बाँडचा पाठलाग करतो तो याच सी-एक्स ७५ मधून. चित्रीकरणासाठी खास गाड्या बांधल्या होत्या, आणि त्यांच्या सीटमागे धडधडत होते आठ पिस्टन.